रस्ता कागदावर असताना

नागपूरहून उत्तरेला निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ मनसर सोडल्यावर देवलापारच्या जंगलात शिरतो आणि खवासाजवळ मध्य प्रदेशाची हद्द ओलांडून कुरईच्या घाटाने सिवनीकडे जातो. क्रमांक बदलण्याआधी हाच राष्ट्रीय महामार्ग ७ होता. श्रीनगर ते कन्याकुमारी या उत्तर-दक्षिण मार्गाचा हा तुकडा चौपदरी करायचे ठरले तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. रस्त्याच्या एका अंगाला पेंचचा व्याघ्रप्रकल्प, दुसऱ्या अंगाला नवेगाव-नागझिऱ्याकडे जाणारी जंगलाची पट्टी. हद्दीपलीकडे हाच रस्ता पेंच आणि कान्हा यांच्यामधून जातो. दुपदरी रस्ता वाघ, गवे, सांबरे रात्री वाहने कमी असताना कसाबसा ओलांडत असत. चार पदर, मधला दुभाजक, दोन्ही बाजूंचे भराव आणि रात्रभर न थांबणारे ट्रक आले की ती वाट कायमची तुटणार होती.

पुढची काही वर्षे हे प्रकरण न्यायालयांत अडकले. सर्वोच्च न्यायालयाची केंद्रीय अधिकारप्राप्त समिती, मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, राष्ट्रीय हरित लवाद अशा सगळ्या दारांवर ते फिरले. छिंदवाड्यावरून वळसा घालून वाहतूक न्यावी, अशीही सूचना होती. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने रस्ता कुठे किती लांब उचलावा हे सांगितले. त्याला येणारा खर्च रस्ता बांधणाऱ्यांना परवडेनासा वाटला आणि बरीच ओढाताण झाली. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी आज पुन्हा वाचतो तेव्हा जाणवते, की वाघ हवा की रस्ता असा तो वाद मुळात नव्हताच. भांडण पुलाच्या लांबीवरून होते. पन्नास मीटर की साडेसातशे मीटर, याचे उत्तर अभियंत्याने द्यायचे असते आणि इथे ते न्यायालयाच्या रेट्याने द्यावे लागले.

अखेर महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सुमारे १६ किलोमीटरच्या पट्ट्यात प्राण्यांना खालून जाता येईल अशी नऊ बांधकामे झाली. त्यांतले पाच खास प्राण्यांसाठीचे मार्ग आणि चार लहान पूल. सर्वांत अरुंद बांधकाम ५० मीटर रुंद, सर्वांत मोठे ७५० मीटर. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात वन्यजीव संस्थेने तिथे ७८ कॅमेरे लावले. वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे मिळाली. अठरा जातींचे प्राणी त्यांत होते. अकरा वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा या मार्गांखालून गेले. रस्ता बांधून जेमतेम झाला होता, डांबराचा वास अजून गेला नसेल, तरी जनावरांनी खालच्या वाटा स्वीकारल्या. भारतातल्या महामार्गाच्या बाबतीत इतके स्पष्ट उत्तर त्याआधी कोणाच्या हाती आले नव्हते. म्हणूनच महामार्गांच्या शाश्वत रचनेवरच्या या पुस्तकाची प्रस्तावना मी पेंचपासून सुरू करतो आहे.

प्राण्यांसाठीचा असा मार्ग काम का करतो, ते थोडे उलगडून सांगायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो साधा पूलच वाटतो. हरणासारखा प्राणी अंधाऱ्या बोगद्यात शिरत नाही. पलीकडचा उजेड आणि झाडी त्याला दिसावी लागते. त्यामुळे नुसती उंची पुरेशी नसते. रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला प्राण्याला खालून चालावे लागणाऱ्या अंतराने भागले, की मोकळेपणाचे एक माप हाती येते. चौपदरी रस्ता आडवा जितका रुंद, तितके हे अंतर वाढते आणि मोकळेपणा घटतो. म्हणजे रस्ता रुंद केला की खालचा मार्गही त्या प्रमाणात रुंद करावा लागतो. दोन्ही बाजूंच्या पदरांमध्ये जागा सोडून मधून उजेड आत येऊ दिला तरी फरक पडतो. खालची जमीन मातीचीच ठेवायची, तिथे काँक्रीट ओतायचे नाही. ससा, मुंगूस, साळिंदर यांना आडोसा लागतो, म्हणून झुडपे राखायची, ओंडके टाकायचे. वरून जाणाऱ्या ट्रकचे दिवे आणि आवाज खाली पोहोचू नयेत म्हणून कठड्यावर उंच पडदे लावायचे. मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या तुकड्यावर असे पडदे लांबवर बसवलेले दिसतात. आणि प्राणी चुकून वर रस्त्यावर न येता खालच्या वाटेकडे वळावा, यासाठी दोन्ही बाजूंना कुंपण घालायचे. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात ट्रान्स-कॅनडा महामार्ग चौपदरी करताना गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हेच केले गेले. कुंपण आणि ओलांडमार्ग एकत्र आल्यावर तिथे प्राणी आणि वाहनांच्या टकरी ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्या. कुंपण नुसते घातले तर ती भिंत होते, आणि मार्ग नुसता बांधला तर प्राण्याला तो सापडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर आल्या पाहिजेत.

पेंचचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. पुलाखालची वाट ही दोन जंगलांना जोडणारी वाट आहे. तिच्या तोंडाशी उद्या ढाबा, पेट्रोल पंप किंवा रिसॉर्ट उभे राहिले, तर वर खर्च झालेले कोट्यवधी रुपये मातीत जातील. महामार्गाच्या कडेची जमीन कोणाच्या अखत्यारीत, तिथे बांधकामाला परवानगी कोण देतो, हे प्रश्न रस्त्याच्या आराखड्यात येत नाहीत. ते यायला हवेत. आणि असे मार्ग केल्यामुळे जंगलातून कुठलाही रस्ता नेण्याचा परवाना मिळतो, असा अर्थ कोणी काढू नये. वळसा घेणे शक्य असेल तर वळसा हाच पहिला पर्याय.

या पुस्तकाचा आग्रह एकच आहे आणि तो मला पूर्ण पटतो. महामार्ग निसर्गाशी कसा वागणार हे तो कागदावर असतानाच ठरते. मार्गाची आखणी, भरावाची उंची, मोऱ्यांची संख्या आणि रुंदी, डोंगर किती आणि कोणत्या कोनात कापायचा, माती कुठून आणायची, हे सविस्तर प्रकल्प अहवालात एकदा लिहिले गेले आणि निविदा निघाली की पुढे कोणाच्याही हातात फारसे उरत नाही. मग उरते ते वृक्षारोपण. आपल्याकडे २०१५ मध्ये हरित महामार्ग धोरण आले आणि प्रकल्पखर्चाचा एक टक्का झाडांसाठी राखायचे ठरले. ते चांगलेच झाले. पण आखणीत चुकलेल्या रस्त्याला कडेच्या कण्हेरी आणि दुभाजकातली बोगनवेल वाचवू शकत नाही.

झाडांचाच विषय निघाला म्हणून एक उदाहरण देतो. जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा वड, चिंच, आंबा, कडुनिंब यांच्या रांगा असत. रुंदीकरणाची सर्वांत सोपी रीत म्हणजे जुन्या रस्त्याची मधली रेषा कायम ठेवून दोन्हीकडे सारखे वाढायचे. नकाशावर हे नीटनेटके दिसते, जमीनही दोन्ही बाजूंकडून सारखी घेतली जाते. त्यात दोन्ही रांगा जातात. याउलट मधली रेषा सरकवून सगळी वाढ एकाच अंगाला घेतली, तर एक रांग तशीच राहते. जुना रस्ता एका दिशेच्या वाहनांना, नवा दुसऱ्या दिशेच्या, आणि ही झाडे त्यांच्या मधोमध दुभाजकात येतात. गावाच्या वेशीवरची घरे, विहिरी, देवळेही याच रीतीने वाचवता येतात. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. सर्वेक्षण करणाऱ्याने प्रत्येक झाड नकाशावर टिपलेले असावे लागते आणि आखणी करणाऱ्याने ते पाहिलेले असावे लागते. तोडलेल्या वडाच्या जागी नवी रोपे लावण्याचा नियम आहे, म्हणून तोडायला हरकत नाही, ही समजूत सोडून द्यायला हवी. शंभर वर्षांच्या वडाखालची सावली, त्यावरची घरटी, त्याच्या मुळांनी धरलेली माती यांचा हिशेब रोपांच्या संख्येत बसत नाही.

आता पाण्याकडे येतो. या विषयावर मला सर्वांत अधिक बोलायचे आहे, कारण महाराष्ट्रात रस्ते खचतात ते पाण्यामुळे, आणि रस्त्यांमुळे गावे बुडतात तीही पाण्यामुळेच. महामार्ग रुंद करताना तो बहुधा उंचही होतो. जिथे पूर्वी पावसाचे पाणी रस्त्यावरून वाहून जाई, तिथे आता दोन-तीन मीटरचा भराव उभा राहतो. वरच्या अंगाचे शेत तुंबते, खालच्या अंगाची विहीर आटते. मोरी काढलेली असते, पण ती जुन्या मोरीच्या जागी, जुन्याच मापाची, नुसती लांबी वाढवलेली. सर्वेक्षण उन्हाळ्यात होते तेव्हा कोरडा ओहोळ दिसतसुद्धा नाही. कोकणात तर प्रत्येक वळणावर एक पऱ्या, म्हणजे लहान ओढा, असतो आणि तो पावसाळ्यात काय रूप घेतो हे गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. त्याला विचारायची पद्धत आपल्या प्रकल्प अहवालांत नाही. किती वर्षांतून एकदा येणारा पूर धरून मोरी मोजायची, याची सूत्रे आहेत. पण त्या सूत्रात भरायची पावसाची आकडेवारी जुनी असेल, तर उत्तरही जुनेच येते. अलीकडे थोड्या तासांत कोसळणारा पाऊस वाढला आहे. मोरी वार्षिक सरासरीच्या भरवशावर ठरवता येत नाही. सर्वांत जोरदार सरीचे पाणी तिच्यातून जावे लागते.

मुंबई-गोवा महामार्गाने हे सगळे आपल्याला दाखवले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. शेजारी नवा पूल होता, तरी जुना पूल एका दिशेच्या वाहतुकीसाठी वापरात होता. महामार्ग सुधारणा म्हणजे नवे पदर जोडणे, एवढाच अर्थ घेतला की जुनी बांधकामे कोणाच्याच यादीत राहत नाहीत. त्यांची तपासणी, त्यांच्या पायाखालची झीज मोजणे, गरज पडेल तेव्हा ती वाहतुकीला बंद करणे, हे सुधारणेच्या आराखड्याचे पहिले पान असायला हवे. महाडचा नवा पूल त्यानंतर वर्षाच्या आत बांधून २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. म्हणजे क्षमता आपल्याकडे होती. ती वापरली गेली अपघातानंतर.

त्याच महामार्गावर चिपळूणजवळचा परशुराम घाट आहे. रुंदीकरणासाठी डोंगर उभा कापला गेला आणि पावसाळ्यात दरडी येऊ लागल्या. २०२२ मध्ये काम करण्यासाठी हा घाट दिवसातले काही तास बंद ठेवावा लागला. कोकणातल्या डोंगराची रचना समजून घेतली तर यात आश्चर्य काहीच नाही. वर जांभ्याचा कठीण पण सच्छिद्र थर, त्याखाली मऊ चिकणमातीचा. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपत उतरते आणि चिकणमातीपाशी अडते. तो थर भिजून निसरडा झाला की वरचा भाग सरकतो. असा डोंगर एका उभ्या रेषेत कापणे म्हणजे त्याचा पायथ्याचा आधार काढून घेणे. त्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांनी कापावा लागतो, माथ्यावर पाणी अडवून बाजूला नेणारा चर खणावा लागतो, भिंतीला पाणी बाहेर पडायला भोके ठेवावी लागतात, माती लोखंडी सळयांनी आत बांधावी लागते आणि उघड्या उतारावर वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावावे लागते. यासाठी अधिक जमीन आणि अधिक वेळ लागतो, म्हणून तो खर्च सुरुवातीला टाळला जातो. दरड आल्यावर तोच खर्च कितीतरी पटींनी करावा लागतो, आणि मध्ये अडकलेल्या रुग्णवाहिकेचा, शाळेच्या मुलांचा, बाजारात न पोहोचलेल्या आंब्याचा हिशेब कोणत्याच खात्यात लिहिला जात नाही. याच महामार्गावर कशेडीला घाट टाळून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा काढला गेला, तो मला याच दृष्टीने योग्य मार्ग वाटतो. बोगदा महाग असतो, पण डोंगराचा उतार आणि त्यावरचे जंगल जागच्या जागी राहते.

मातीची गोष्ट विदर्भात फार आशादायक आहे. भरावाला लागणारी माती आणि मुरूम आणायचे कुठून, हा चौपदरीकरणातला मोठा प्रश्न. पूर्वी जवळची टेकडी फोडली जाई किंवा शेतकऱ्याकडून सुपीक मातीचा थर विकत घेतला जाई. बुलडाणा जिल्ह्यात गाळाने भरलेले तलाव आणि नाले खोल करून निघालेली माती महामार्गाच्या भरावाला वापरली गेली. गावाला खणाईचा खर्च आला नाही, रस्त्याला माती मिळाली आणि तलावात पाणी साठू लागले. ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून हा प्रयोग देशभर ओळखला जातो. मात्र खणाई किती खोल करायची, नाल्याचा तळ कुठवर न्यायचा, हे जलतज्ज्ञाने ठरवावे, मातीची गरज असलेल्या ठेकेदाराने नव्हे. रस्त्यासारख्या लांबलचक प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली, त्यामागेही हीच चिंता होती. मातीऐवजी राखही भरावाला चालते. नागपूरच्या आसपास कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून राखेचे डोंगर साचतात. केंद्रापासून ठरावीक अंतराच्या आत भरावात राख वापरण्याचा नियम आहे आणि २०१६ मध्ये ते अंतर ३०० किलोमीटर केले गेले. राख मातीच्या जाड थरांत नीट बंद केली तर ती चांगला भराव होते; उघडी राहिली तर वाऱ्याने घरांत आणि पावसाने विहिरीत जाते.

रस्त्याच्या वरच्या थराबद्दल लोकांना सर्वांत जास्त कुतूहल असते, म्हणून थोडक्यात सांगतो. मदुराईचे प्रा. आर. वासुदेवन यांनी डांबरी रस्त्यात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याची पद्धत शोधली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ती उपयुक्त आहे. पण प्लास्टिक डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के असते आणि डांबर स्वतः मिश्रणाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे थराचा अर्धा टक्काही प्लास्टिक नसते. खरी बचत जुना थर खरवडून त्यातली खडी आणि डांबर पुन्हा वापरण्यात आहे. असा जितका थर पुन्हा वापरला जाईल, तितका डोंगर खडीसाठी फोडावा लागत नाही. आपल्या कामांत हे अजून फार कमी होते.

कायद्याकडे बोट दाखवल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला पर्यावरण मंजुरी लागते ती विस्तार १०० किलोमीटरहून लांब असेल आणि जुन्या मार्गावर ४० मीटरहून अधिक जादा जागा घेतली जात असेल तेव्हाच. उत्तराखंडातला चारधाम महामार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा. तो ५३ तुकड्यांत वाटला गेला, प्रत्येक तुकडा शंभराच्या आत. त्यामुळे संपूर्ण मार्गाचा एकत्र परिणाम कोणी तपासलाच नाही, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डोंगराला रस्त्याचे तुकडे ठाऊक नसतात. एका तुकड्यातला राडारोडा दुसऱ्या तुकड्याच्या नदीत जातो. मंजुरी संपूर्ण मार्गाला एकत्र मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि अंतर कितीही असले तरी घाट, जंगल आणि नदीकाठचा भाग असेल तर ती सक्तीची हवी.

हे पुस्तक स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वाचावे, सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या उपअभियंत्यांनी वाचावे. पण माझी विनंती त्यांच्याइतकीच महामार्गाकाठच्या गावांना आहे. तुमच्या गावावरून रुंदीकरण जाणार असल्याचे कळले की भूसंपादनाच्या दराबरोबर आणखी दोन कागद मागा, माहितीच्या अधिकारात मागा. एक, तुमच्या शिवारातल्या सर्व मोऱ्यांचा तक्ता, जुन्या आणि नव्या मापांसह. दुसरा, झाडांची यादी आणि आखणीचा नकाशा. ते घेऊन पावसाळ्यात एकदा रस्त्याने चाला, पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते नकाशावर खुणा करून लिहा, आणि ग्रामसभेच्या ठरावासह ते प्रकल्प कार्यालयात द्या. निविदा निघण्याआधी द्या.